कान कोण पिळणार?

पंगतीत वाढून आलं की शर्टाला वांग्याच्या भाजीचा वास लागतो. तो दोन धुण्यांत जातो. डोक्यात जे किस्से शिरतात ते मात्र जात नाहीत. एका लग्नसराईत पंधरा-वीस पंगती झाल्या की त्यांचा ढीग होतो, आणि टेम्पोत परत येताना कुणी एक काढला की त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो. मी त्यात फारसा बोलत नाही. चारचौघांत माझा आवाजच निघत नाही. म्हणून माझ्याकडं जास्त साठले. आज सांगून टाकतो.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. गावात कुणाचंही लग्न असलं तरी वाढायला गावातलीच पोरं उभी राहतात, ही पद्धत आमच्याकडं अजून टिकून आहे. आम्ही नऊ जण आहोत. परमूदादा आमचा म्होरक्या. टेम्पो त्याचाच, आणि आवाजही त्याचाच. आमचं वाढणं व्यवस्थित असतं म्हणून आता शहागड-वाटूरपर्यंतचे लोक आम्हाला बोलावतात.

नवांत एक रघू. वय चोवीस. बोलतो कमी, बघतो खाली. ठरलेली गोष्ट ठरल्यासारखीच व्हायला पाहिजे. अंगाला कुणी अचानक हात लावलेला त्याला चालत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला स्वमग्नता म्हणतात, हा आजार नाही, डोक्याची घडणच वेगळी आहे. गावानं ते ऐकून घेतलं आणि आपला जुना शब्द चालू ठेवला. येडा.

माझी घडणही थोडी वेगळीच आहे. मला अक्षरं दिसतात, पण ती जागेवर थांबत नाहीत. शाळेत मास्तर म्हणायचे आळशी, घरचे म्हणायचे लक्ष नाही. नववीत मी शाळा सोडली. हे लिहितोय म्हणजे मोबाइलमध्ये बोलतोय, आणि चुका विकास काढतोय. विकास म्हणजे रघूचा चुलत भाऊ. तोही आमच्यातलाच वाढपी.

मागच्या वर्षी रघूच्या बहिणीचं, मनीषाचं लग्न जमलं. सराईतली अगदी शेवटची तिथी निघाली. रघूचे वडील नाहीत. दोन्ही घरं मोठे काका बघतात, म्हणजे विकासचे वडील. काकांनी ठरवलं की लग्नाच्या दिवशी रघूला मामाच्या गावी पाठवायचं. वराकडच्या लोकांपुढं काही झालं तर काय, ही त्यांना धास्ती.

रघूला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात आपण आलो की बोलणं थांबतं, एवढं त्याला कळत होतं. त्या सराईत प्रत्येक पंगतीहून परतताना, टेम्पोत बसला की तो एकच प्रश्न विचारायचा.

"मनूच्या लग्नात मी कुठं?"

परमूदादा नुसता गिअर बदलायचा. आम्ही बाकीचे बाहेर बघायचो. शेवटी एका दिवशी गाडी चालवता चालवताच तो आम्हाला म्हणाला, "शेवटच्या तिथीच्या आत ह्याला उत्तर द्यायचं. बराबर द्यायचं."

* * *

रघू आमच्यात आला त्याला आता चार वर्षं झाली. परमूदादानं त्याच्या हातात पहिल्यांदा मिठाची वाटी दिली. मीठ सगळ्यात आधी वाढतात. काम सोपं, म्हणून दिलं. नियम सांगितला तोही सोपा, की रांगेच्या टोकापासून सुरू करायचं, एकालाही सोडायचं नाही.

रघूनं सव्वाशे पत्रावळींवर मीठ वाढलं. सगळीकडं तेवढंच, आणि डाव्या अंगाला त्याच जागेवर. असं वाटत होतं की आधी कुणी खुणा करून ठेवल्यात.

दुसऱ्या रांगेत एक म्हातारबाबा होते. त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. म्हणाले, मीठ नको, डॉक्टरनं बंद केलंय, बीपी आहे.

रघू थांबला. एकालाही सोडायचं नाही, असं सांगितलेलं होतं. तो तसाच उभा राहिला. त्याच्या मागं चटणीवाला थांबला, त्याच्या मागं भाजीची बादली, त्याच्या मागं पुऱ्यांची टोपली. मागून परमूदादा ओरडून राह्यला होता की चला जल्दी. पण रघू हलला तर बाकीचे हलणार ना!

शेवटी म्हातारबाबांनीच हात काढला. "टाक बाबा. मी खाणार न्हाई, पण तू टाक."

रघूनं मीठ टाकलं, नीट डाव्या अंगाला. मग वाकून त्यांना बजावलं, "खाऊ नका. बीपी आहे."

* * *

डीजे हा रघूचा मोठा शत्रू. ठोका सुरू झाला की त्याचे दोन्ही हात कानावर जायचे, आणि दोन्ही हात कानावर असलेला माणूस वाढणार कसा?

परमूदादाचा मेव्हणा जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे. तिथं मशीनजवळचे कामगार आवाज लागू नये म्हणून कानावर जाड झाकणं घालतात, डोक्यावरून पट्टी आलेली, हेडफोनसारखी. परमूदादानं तशी एक पिवळी जोडी आणली. रघूनं ती घातली, खांदे खाली आले, आणि त्यानं बादली उचलली. इतका साधा उपाय होता. आम्ही दोन वर्षं त्याला नुसतं म्हणत होतो, सहन कर.

पण मांडवात कानाला असलं काही लावून फिरणारा माणूस बघितल्यावर लोकांना वाटलं, हाच डीजेवाला. नवरदेवाचे मित्र हातात पत्रावळ घेऊन उठून आले आणि गाणी सांगायला लागले. रघूला ऐकू येत नव्हतं. त्यानं प्रत्येकाच्या पत्रावळीत इमानदारीनं भात वाढला. त्यातला एक मित्र तीनदा आला आणि तीनदा भात घेऊन गेला.

चौथ्या लग्नात नवरीची आजी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. बाजूलाच ते कपाटाएवढे स्पीकर. तिनं रघूला खुणेनं बोलावलं. त्याच्या कानाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडं.

आता आमच्या टेम्पोत सहा जोड्या असतात. लग्नाला गेलो की आधी आज्यांचा नंबर, उरल्या तर आमचा.

* * *

हा किस्सा माझा आहे, म्हणून तो सांगायला मला जड जातो.

परमूदादा आदल्या दिवशी मोबाइलवर यादी टाकायचा. कोणत्या पंगतीला काय, कोणत्या बादलीत काय, कुणी काय धरायचं. मी कधीच वाचली नाही. मी दुसऱ्यांच्या मागं मागं राहायचो आणि ते करतील ते करायचो. अशी माझी तीन वर्षं निघाली.

शहागडच्या लग्नात परमूदादानं मला कोठीवर बसवलं. हातात कागद दिला आणि सांगितलं, ह्यात लिहिल्याप्रमाणं एक-एक भांडं बाहेर पाठव. पोरं दारात उभी. मी कागद बघत राहिलो. अक्षरं पाण्यातल्या बेडकांच्या पिल्लांसारखी इकडून तिकडं. शेवटी म्हणालो, दादा, चष्मा घरी राहिला.

रघू माझ्या शेजारी मिठाची वाटी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "संतोषला चष्मा न्हाई. त्याला अक्षरं हलताना दिसतात."

मी हे आयुष्यात फक्त रघूला सांगितलं होतं. तो कुणाशी बोलत नाही, म्हणून विश्वासानं सांगितलं होतं.

कोठीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं आत्ता उठावं आणि नदीच्या पुलावरून चालत घरी जावं. परमूदादानं कागद घेतला आणि स्वतःच भांडी पाठवली.

पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोबाइल वाजला. यादी आली होती, पण ह्या वेळेला सगळे फोटो होते. बुंदीच्या टोपल्याचा फोटो, त्याखाली रघूचा फोटो. वरणाची बादली, खाली माझा फोटो. मी ती यादी पाच मिनिटांत पाठ केली. पहिल्यांदाच मी कुणाच्या मागं न राहता उभा राहिलो.

पंगत झाल्यावर चार जण माझ्याजवळ आले. म्हणाले, बरं झालं तू बोललास, आम्हालाबी आता समजतं. मी म्हणालो, मी कुठं बोललो. पण परमूदादा थबकला. ह्या चौघांना तर चांगलं वाचता येतं.

"मंग आधीची यादी कोण वाचत होतं?"

कुणीच नाही.

"मंग इतकी वर्षं वाढलं कसं तुम्ही?"

विकास म्हणाला, "तुम्ही वरडत होते ना, दादा."

* * *

वाटूरच्या लग्नात पुढारी आले. नाव नको. बरोबर दहा-बारा माणसं. येऊन ती नेमकी रांगेच्या मधोमध बसली. नवरीचे वडील धावत आले आणि रघूला म्हणाले, साहेबांना आधी वाढ.

रघूकडं बुंदी होती. त्यानं रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. टोकाला एक जाडे पाव्हणे होते, मग त्यांचे शेजारी, मग त्यांचे शेजारी. सातव्या माणसापर्यंत आला तेवढ्यात नवरीच्या वडिलांनी त्याचा खांदा धरून त्याला पुढं ढकललं.

रघूचं असं आहे की चालू कामात कुणी मध्ये तोडलं, की ते काम मोडलं. मोडलेलं काम पहिल्यापासून करायचं. तो परत टोकाला गेला आणि जाड्या पाव्हण्यांना पुन्हा बुंदी वाढली.

आता नवरीचा मामा आला. त्यानं रघूची टोपलीच ओढली. रघूनं ती सोडवून घेतली आणि परत टोकाला. जाड्या पाव्हण्यांच्या पत्रावळीत तिसऱ्यांदा बुंदी पडली. त्यांची काही तक्रार दिसली नाही.

आम्ही सगळे हातातलं काम सोडून बघत होतो. पुढाऱ्यांची माणसं उठायच्या बेतात. नवरीचा चुलता बाह्या वर करून निघाला, तसा पुढाऱ्यांनी हात वर केला.

"अरे कुणी टोकू नका रे त्याला. न्हाई तर आज मला बुंदी मिळत न्हाई."

मांडव हसला. रघू नाही हसला. तो एक-एक करत त्यांच्यापर्यंत पोचला, बाकीच्यांना वाढली तेवढीच त्यांना वाढली आणि पुढं गेला.

आम्हाला वाटलं, झालं ते बरंच झालं. पण गोष्ट गावात पोचायच्या आधी मोठ्या काकांपर्यंत पोचली, आणि पोचताना तिच्यातलं हसू गळून गेलं होतं. काका एवढंच म्हणाले की पुढाऱ्याला आडवतो, उद्या व्याह्याला आडवील. रघूची पिशवी भरून ठेवायला त्यांनी शांताकाकूला, म्हणजे रघूच्या आईला सांगितलं. लग्नाला अकरा दिवस होते.

* * *

परमूदादानं बैठक घेतली. ठरलं असं, की रघू नसेल तर त्या लग्नात आम्हीही वाढायला उभे राहणार नाही. हे ऐकायला सोपं आहे. आमच्या गावात पोरांनी वाढायला नकार दिला असं आजवर झालेलं नाही. विकासचं तर ते घरचंच लग्न. तरी तो सगळ्यात आधी हो म्हणाला.

काकांना सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. परमूदादा म्हणाला, मी बोललो तर भांडण होईल. तू कधी बोलत न्हाईस, तू बोललास तर ते ऐकतील.

मी दोन दिवस जेवलो नाही. मग डोकं चालवलं. घरी चुलीजवळ बसून सगळं बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं, म्हणजे पाठ करायला बरं.

आम्ही आठ जण काकांच्या ओसरीवर गेलो. काका बाजेवर बसले होते. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली. परत उघडलं, परत हवा. काका वाट बघत होते. शेवटी मी खिशातून मोबाइल काढला, बाजेवर त्यांच्यापुढं ठेवला आणि बटन दाबलं.

माझाच आवाज यायला लागला. "काका, मी संतोष. रघूला तुम्ही लहानपणापासून दवाखान्यात नेलं, ते आम्हाला माहीत आहे. तुमच्याएवढा त्याच्यासाठी कुणी फिरला न्हाई. पण काका, त्यानं तीन वर्षांत गावातल्या प्रत्येकाच्या पंगतीत वाढलंय. लोकांच्या बहिणींच्या लग्नात तो चालतो. त्याच्या बहिणीच्या लग्नात त्याला गावाबाहेर पाठवलं, तर त्याला काय समजायचं? तो रोज विचारतो..."

इथं मोबाइलमधून माझ्या आईचा आवाज आला. "आरं संत्या, कुणाशी बोलून राह्यला? दूध उतू चाललंय!" मग भांड्याचा आवाज, मग माझे पाय पळाल्याचा आवाज, आणि बंद.

आमच्यातला कुणीही कुणाकडं बघत नव्हता. काका मोबाइलकडं बघत होते.

"उतू गेलं का मंग?"

मी मान हलवली. गेलं होतं.

काका हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पोरांनो, मी काय त्याचा वैरी हाय का? मांडवात काही झालं, लग्न मोडलं, तर मनूच्या तोंडाकडं तुम्ही बघणार का मी?"

मी मोबाइल उचलून खिशात घातला.

तेवढ्यात मनीषा आतून आली. तिनं अमोलरावांना, म्हणजे तिच्या नवरदेवाला, रघूबद्दल बघण्याच्या दिवशीच सगळं सांगितलेलं होतं. ती काकांना म्हणाली, "नवरदेवाचा कान कोण पिळणार?"

आमच्याकडं लग्न लागल्यावर नवरीचा भाऊ नवरदेवाचा उजवा कान पिळतो. कानपिळी म्हणतात. माझ्या बहिणीला नीट वागव, ही ताकीद. मग नवरदेवाकडचे भावाला शर्ट-टोपी देतात आणि कान सोडवून घेतात. मान भावाचाच.

काका म्हणाले, विकास पिळील. तोबी भाऊच आहे.

"हाये. पण सख्खा असताना कुणी दुसरा पिळत न्हाई," मनीषा म्हणाली आणि आत गेली.

काकांनी बरंच मागं-पुढं करून अर्धं मान्य केलं. रघू लग्नात राहील, पण वाढायला, पंगतीत. मांडवाच्या पुढं यायचं नाही. कान विकासच पिळणार.

टेम्पोत आम्ही रघूला सांगितलं, मनूच्या लग्नात तू पंगतीत आहेस. त्यानं थोडा विचार केला. "पंगतीत वाढपी असतो. भाऊ कुठं असतो?"

परमूदादानं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

* * *

आम्ही गुपचूप कानपिळीचा सराव सुरू केला. पुढं काय होईल ते होईल, रघू तयार पाहिजे.

अडचण अशी की रघूला कुणी हात लावलेला चालत नाही, तसा त्यालाही कुणाला हात लावायला आवडत नाही. पहिल्या दिवशी माझ्या कानापर्यंत बोट आणायला त्याला अर्धा तास लागला. त्यात त्याला सगळं नक्की पाहिजे. कोणता कान, तो उजवा. किती बोटांनी, दोन. पण कधी सोडायचा? हे कुणालाच माहीत नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

परमूदादा सहज बोलून गेला, "नवरदेव हो म्हणेपर्यंत."

"कशाला हो?"

परमूदादा जरा अडखळला. "बहिणीला नीट सांभाळतो, म्हणून."

रघूनं मान हलवली. नियम पक्का झाला.

मग सात दिवस रोज सकाळी सराव. आधी मी, मग विकास, मग बाकीचे, रांगेनं, एकालाही न सोडता. परमूदादानं दोनदा सुटायचा प्रयत्न केला. मध्ये कुणी हसलं, कुणी ओरडलं, की रघू परत पहिल्यापासून, म्हणजे परत माझ्यापासून. मी हो म्हणायचो, तो विचारायचा कशाला हो, आणि मी पूर्ण वाक्य म्हणायचो. मला बहीण नाही, पण कुणाच्या तरी बहिणीला मी त्या आठवड्यात पन्नास वेळा तरी सांभाळलं.

शेवटच्या दिवशी आमच्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरून आजारांची नोंद ठेवणाऱ्या आरोग्यसेविका, रस्त्यात भेटल्या. त्यांनी मला थांबवून कान बघितला. मग विकासचा बघितला. मग वही काढून विचारलं, "वाढप्यांपैकी आणखी कुणाकुणाला झालंय हे?"

* * *

लग्नाचा दिवस. दुपारची वेळ. अक्षता पडल्या. रघू मांडवाच्या मागच्या बाजूला, पंगतीच्या जागेवर, पिवळी झाकणं कानावर घालून मिठाची वाटी घेऊन उभा होता. काकांनी सांगितलेल्या जागेवर, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. आम्ही त्याच्या आजूबाजूला.

गुरुजींनी आवाज दिला. नवरीचा भाऊ या, कानपिळी आहे.

विकास नवा शर्ट घालून पुढंच उभा होता. काकांनी त्याला खूण केली. विकास जागचा हलला नाही. काकांनी परत खूण केली. विकासनं मान वळवली आणि स्वतःचा उजवा कान त्यांना दाखवला. लालभडक.

"ज्याचा मान हाय तो येऊन राह्यला, आबा," तो वडिलांना म्हणाला.

मी रघूच्या हातातली वाटी घेतली. एवढंच मला करायचं होतं. तो झाकणं न काढता सरळ मांडवात चालत गेला. लोक बाजूला झाले. कुणीतरी म्हणालं, डीजेवाला आला.

अमोलरावांनी रघूला बघितलं आणि न सांगता फेटा उजव्या कानावरून वर सरकवला. रघूनं दोन बोटांनी कान धरला आणि पिळला. टाळ्या पडल्या. नवरदेवाकडच्यांनी लगेच शर्ट-टोपी पुढं केली. रघूनं तिकडं बघितलं नाही. मित्र म्हणाले, दिलं ना, सोड आता. गुरुजी म्हणाले, झालं, सोडा. रघूनं सोडला नाही.

डीजे बंद झाला. काका उठून उभे राहिले. त्यांचा हात रघूच्या खांद्याकडं निघाला होता. रघू कशासाठी थांबलाय हे मांडवात फक्त आम्हा आठ जणांना माहीत होतं. परमूदादानं माझ्याकडं बघितलं. मोबाइल खिशातच होता. मी तोंड उघडलं, आणि ह्या वेळेला आवाज आला.

"कुणी टोकू नका त्याला! अमोलराव, हो म्हणा."

काकांचा हात तिथंच थांबला. सगळा मांडव माझ्याकडं वळला.

अमोलराव रघूकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "हो."

रघूनं एक झाकण कानावरून बाजूला केलं.

"कशाला हो?"

कुणी हसलं नाही. अमोलरावांनी एकदा मनीषाकडं बघितलं. "तुझ्या बहिणीला नीट सांभाळतो."

रघूनं कान सोडला. मनीषानं तोंडावर पदर धरला. आम्हाला वाटलं, झालं. पण रघू मागं फिरला नाही. तो बाजूला सरकला. अमोलरावांच्या शेजारी त्यांचे वडील उभे होते. रघूनं दोन बोटं वर केली, तेव्हा कुठं मी त्यांना नीट बघितलं. वाटूरला टोकाला बसलेले जाडे पाव्हणे! त्यांनी आपणच मान वाकवली आणि म्हणाले, "घे बाबा. तुझ्या हातची बुंदी मी तीनदा खाल्लीय." त्यांनी हो म्हटलं. कशाला, तेही सांगितलं, पूर्ण वाक्यात.

रघू आणखी एक पाऊल सरकला.

त्या रांगेत पुढचे मोठे काका होते.

काकांनी आजूबाजूला बघितलं. मग रघूकडं बघितलं. मग हळूच दोन्ही हातांनी आपला फेटा उजव्या कानावरून वर सरकवला.